तेरेखोलच्या दोन्ही काठांवरचा कायदा आणि हृदयाचे चार तास

४ फेब्रुवारी १९९५ या दिवशी महाराष्ट्र आणि गोव्याच्या हद्दीवरच्या तेरेखोल नदीच्या दोन्ही काठांवर कायद्याच्या लेखी मरणाची व्याख्या बदलली. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा संसदेने १९९४ मध्ये केला होता. पण आरोग्य हा राज्यांचा विषय. त्यामुळे ज्या राज्यांच्या विधानसभांनी ठराव करून संसदेला हा कायदा करायला सांगितलं, तिथेच तो आधी लागू झाला. अशी राज्यं तीन निघाली : गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र. डहाणूपासून काणकोणपर्यंतचा अख्खा किनारा त्यामुळे पहिल्याच दिवशी या कायद्याखाली आला. छातीत हृदय धडधडत असलं, तरी मेंदूचं खोड कायमचं बंद पडलं असेल तर तो माणूस मृत, आणि नातेवाइकांच्या संमतीने त्याचे अवयव दुसऱ्याला देता येतील, हे आपल्याकडे तेव्हापासून मान्य आहे.

हृदय प्रत्यारोपणाचा जगातला इतिहास पाहिला तर सुरी, म्हणजे शस्त्रक्रियेची पद्धत, सगळ्यांत आधी तयार झाली. मरणाची व्याख्या, औषधं आणि हृदय वेळेत पोचवण्याची सोय मागाहून आली. कोकणात क्रम उलटा पडला. कायदा दारात आधी येऊन बसला, बाकीची मंडळी अजून वाटेत आहेत.

आधी आजाराबद्दल. 'हार्ट फेल' म्हटलं की आपल्याकडे माणूस गेला असंच समजतात. डॉक्टर ज्याला हार्ट फेल्युअर म्हणतात ते वेगळं. हृदय चालू असतं, पण दर ठोक्याला पुरेसं रक्त पुढे ढकलत नाही. निरोगी माणसाचा डावा कप्पा आतल्या रक्तापैकी साधारण ५५ ते ७० टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर टाकतो. इकोच्या कागदावर 'ईएफ' म्हणून लिहिलेला आकडा तो हाच. आजार वाढलेल्यांत तो २०-२५ पर्यंत उतरलेला दिसतो. कारणं अनेक : हार्ट अटॅकने मेलेला स्नायू, वर्षानुवर्षं अंगावर काढलेलं ब्लडप्रेशर, लहानपणच्या संधिवाताच्या तापाने खराब झालेल्या झडपा, दारू, बाळंतपणाच्या आगेमागे येणारा हृदयस्नायूचा आजार, आणि काही घराण्यांत चालत आलेला दोष. ज्याचं घर पाखाडीच्या चाळीस पायऱ्या उतरून वाडीत आहे, त्याला हा आजार इको काढायच्या आधीच कळतो. वर रस्त्यावर यायला तीनदा बसावं लागतं. मग पाय सुजतात, रात्री उताणं झोपलं की जीव घाबरतो, उशा दोनाच्या तीन होतात.

यातल्या बहुतेकांना प्रत्यारोपण लागत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. चार गटांतली औषधं नीट दिली, सकाळी उठून वजन पाहिलं आणि मीठ तोडलं तर अनेक जण वर्षानुवर्षं चांगले राहतात. मीठ तोडणं मात्र किनाऱ्यावर सोपं नाही. पावसाळ्याची बेगमी म्हणून घरात सुकट, सुके बांगडे, खारातल्या कैऱ्या, सांडगी मिरची भरून ठेवलेली असते, आणि जेवणात वरून मीठ घेत नाही असं डॉक्टरला सांगणारा माणूस पेजेबरोबर काय खातो हे कोणी विचारत नाही. औषधं, पेसमेकरसारखी यंत्रं, झडपेची किंवा बायपासची शस्त्रक्रिया, हे सगळं करूनही जो पुन्हापुन्हा दवाखान्यात भरती होतो, त्याच्यासाठी नवीन हृदयाचा विचार सुरू होतो. तेव्हाही मूत्रपिंडं, यकृत, कर्करोग, जुनाट संसर्ग हे तपासावंच लागतं. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांमधला दाब कायमचा वाढलेला असेल तर नवीन हृदयाचा उजवा कप्पा त्या दाबापुढे काही तासांत हात टेकतो. झडपेचा आजार उशिरा उजेडात आलेल्या रुग्णांत हा दाब हमखास वाढलेला सापडतो, म्हणून उशिरा पोचलेल्याला इथेही उशीर नडतो.

आता सुरीकडे. १९०५ मध्ये शिकागोत अलेक्सिस कॅरल आणि चार्ल्स गथ्री यांनी एका पिल्लाचं हृदय मोठ्या कुत्र्याच्या मानेत जोडलं आणि ते काही वेळ चाललं. चाळीस-पन्नासच्या दशकांत सोव्हिएत रशियात व्लादिमीर देमिखोव्ह यांनी कुत्र्यांवर असे प्रयोग चिकाटीने केले. पण माणसावर वापरता येईल अशी पद्धत बसवली ती स्टॅनफर्डच्या नॉर्मन शमवे आणि रिचर्ड लोअर यांनी, १९६० च्या सुमारास. हृदय बदलायचं तर आठ मोठ्या रक्तवाहिन्या कापून जोडाव्या लागतात, आणि त्यातल्या फुप्फुसाकडून येणाऱ्या चार नाजूक. या दोघांनी रुग्णाच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांच्या मागच्या भिंती जागेवरच ठेवल्या, त्यामुळे त्या भिंतींशी जुळलेल्या सहा वाहिन्यांना हात लावावा लागेना. आठांऐवजी चार जोड : दोन भिंती, महाधमनी आणि फुप्फुसधमनी. त्यांची कुत्री तीन आठवड्यांपर्यंत जगली. पुढे कुठल्याही देशात हृदय बदललं गेलं तरी पुष्कळ वर्षं टाके याच रेषेवर पडत होते.

नाव मात्र दुसऱ्याचं झालं. ३ डिसेंबर १९६७ ला केपटाऊनच्या ग्रूट शूर रुग्णालयात ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी मोटार अपघातात गेलेल्या एका तरुणीचं हृदय पन्नाशीतल्या एका किराणा दुकानदाराच्या छातीत बसवलं. तो १८ दिवस जगला आणि न्यूमोनियाने गेला. २ जानेवारी १९६८ चा बर्नार्ड यांचा दुसरा रुग्ण दीड वर्षाहून अधिक जगला. वर्णभेदाच्या त्या राज्यात गोऱ्या माणसाला कृष्णवर्णीय मानल्या गेलेल्या तरुणाचं हृदय चाललं, याची चर्चा तेव्हा शस्त्रक्रियेइतकीच झाली.

आणि मग परळ. १६ फेब्रुवारी १९६८ ला के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्ल कुमार सेन यांनी भारतातलं, आणि आशियातलंही, पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. जगात आधी पाचच झाली होती, आणि ती बर्नार्ड, ब्रुकलिनचे एड्रियन कँट्रोविट्झ व शमवे या तिघांच्याच टीमने केलेली. सेन यांची टीम चौथी. ही घाईगर्दीची नक्कल नव्हती. कुत्र्यांवरच्या शंभर हृदय प्रत्यारोपणांचा अहवाल सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्येच, बर्नार्ड यांच्या दोन वर्षं आधी, छापला होता. त्या निबंधावरच्या नावांत डॉ. जी. बी. परुळकर हे आडनाव वाचताना वेंगुर्ल्याकडचा, परुळे गावाच्या मुलखातला माणूस क्षणभर थांबेलच. याच मंडळींनी त्या वर्षी आणखी एक धाडसी कल्पना मांडली होती : सापाच्या हृदयाच्या स्नायूला कप्प्यातूनच थेट रक्त मिळतं, तर माणसाच्या हृदयस्नायूला बारीक भोकं पाडून तसंच रक्त देता येईल का? आज हे वाचताना गंमत वाटते, पण म्युनिसिपालिटीच्या रुग्णालयात, परदेशी पैशांच्या ढिगाशिवाय, लोक असा विचार करत होते.

सेन यांचा रुग्ण काही तासांतच गेला. त्याच वर्षी केलेलं दुसरं प्रत्यारोपणही टिकलं नाही. त्यानंतर के. ई. एम.मध्ये पुन्हा हृदय बदललं जायला ५६ वर्षं लागली.

का लागली, हे समजायला सुरी सोडून मरणाकडे वळावं लागतं. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या मुलांच्या श्वासनळीत नळी घालून, रबरी पिशवी हाताने दाबून श्वास देण्याची युक्ती ब्यॉर्न इब्सेन यांनी काढली, आणि वैद्यकीचे शेकडो विद्यार्थी पाळ्या लावून महिनोन्महिने पिशव्या दाबत बसले. व्हेंटिलेटर आणि आयसीयू यांची सुरुवात बहुतेक जण तिथून धरतात. या सोयीने जसे जीव वाचले तसा एक पेचही उभा राहिला. मेंदू पूर्ण मेलेला, पण यंत्राच्या श्वासावर हृदय चालू, अशी माणसं पहिल्यांदाच दिसू लागली. १९५९ मध्ये पॅरिसच्या मोलारे आणि गुलाँ यांनी या अवस्थेचं वर्णन केलं. ऑगस्ट १९६८ मध्ये हार्वर्डच्या समितीने तिचे निकष लिहून काढले.

त्याच महिन्यात जपानच्या साप्पोरोत जुरो वाडा यांनी हृदय प्रत्यारोपण केलं. रुग्ण ८३ दिवसांनी गेला, आणि दाता खरोखर मेला होता का, असा प्रश्न उठला. वाडा यांच्याविरुद्ध खुनाची तक्रार झाली. खटला उभा राहिला नाही, पण जपानमध्ये पुढचं हृदय प्रत्यारोपण व्हायला १९९९ उजाडलं. म्हणून एकट्या भारताला मागे पडल्याबद्दल बोल लावण्यात अर्थ नाही. मुंबईत डोळ्यांच्या पारदर्शक पटलासाठी १९५७ चा कायदा होता, तो मात्र हृदय थांबल्यानंतरच्या देहाचा. धडधडणारं हृदय काढून घेण्याची मुभा देणारा कायदा सेन यांच्या हाताशी नव्हता.

दुसरी अडचण शरीराचीच. परकं हृदय आलं की रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यावर तुटून पडतात. १९६८ या एका वर्षात जगभर शंभरावर हृदयं बदलली गेली आणि बहुतेक रुग्ण काही महिन्यांत गेले. नंतर एकेक करून केंद्रांनी हे काम थांबवलं. शमवे थांबले नाहीत. त्यांच्याकडच्या फिलिप केव्हज यांनी मानेच्या शिरेतून बारीक चिमटा आत सोडून नव्या हृदयाचा तीळभर तुकडा काढायची पद्धत आणली. त्यामुळे हल्ला सुरू झाल्याचं सूक्ष्मदर्शकाखाली आधीच कळू लागलं.

औषध आलं ते मातीतून. बासेलच्या सँडोझ कंपनीचे कर्मचारी सुट्टीवर जाताना पिशव्या नेत आणि येताना तिथली माती आणत, नवी प्रतिजैविकं शोधायला. नॉर्वेच्या हार्डांगरव्हिडा पठारावरून १९६९ मध्ये आलेल्या मातीत एक बुरशी सापडली. प्रतिजैविक म्हणून ती फारशी कामाची निघाली नाही, पण तिच्यातलं सायक्लोस्पोरिन प्रतिकारशक्तीला नेमकं लगाम घालतं हे १९७२ मध्ये कळलं. १९८० पासून स्टॅनफर्डने ते हृदयाच्या रुग्णांना द्यायला सुरुवात केली, १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आणि बंद पडलेली केंद्रं पुन्हा उघडली. आता त्याची जागा बहुतेक ठिकाणी टॅक्रोलिमसने घेतली आहे. तेही जपानच्या त्सुकुबातल्या मातीतल्या जिवाणूचं देणं. आज जगात नवीन हृदय मिळालेल्या शंभरांपैकी ८५ ते ९० जण वर्ष पार करतात आणि निम्म्यांहून अधिक जण १२ वर्षांच्या पुढे जातात.

भारतात गाडी पुन्हा सुरू झाली ती दिल्लीत. अवयव प्रत्यारोपण कायद्यावर राष्ट्रपतींची सही ८ जुलै १९९४ ला झाली, आणि ३ ऑगस्टला एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं. तो रुग्ण सुमारे १५ वर्षं जगला. ३ ऑगस्ट हा आता भारतीय अवयवदान दिवस आहे. २००८ पासून तमिळनाडूने मेंदूमृत दात्यांची नोंद आणि वाटप सरकारी पातळीवर नीट बसवलं. मुंबईला मात्र ऑगस्ट २०१५ उजाडावा लागला. पुण्याहून आणलेलं हृदय मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे यांनी बसवलं. जुलै २०२४ मध्ये के. ई. एम.नेही पुन्हा सुरुवात केली. खासगीत वीस लाखांच्या पुढे सहज जाणारा खर्च ज्यांच्या सात पिढ्यांत कोणी पाहिला नाही, त्यांच्यासाठी परळचं हे दार उघडणं मोठी गोष्ट आहे.

परळ कोकणाला परकं नाहीच. गिरण्यांच्या काळात लालबाग-परळच्या चाळींत एकेका गावाच्या ग्रामस्थ मंडळाची खोली असे. पाळीपाळीने झोपणारे गिरणी कामगार तिथे राहत, आणि गावाहून के. ई. एम.ला आलेला आजारीही त्याच खोलीत पथारी टाकत असे. आता त्यातल्या बऱ्याच खोल्या टॉवरखाली गेल्या आणि चाकरमानी दिवा, विरार, बदलापूरला पांगले. हृदयासाठी नाव नोंदवलेल्याला मात्र पूर्वीपेक्षा जास्त जवळ राहावं लागतं, कारण फोन आल्यापासून एक-दोन तासांत त्याला रुग्णालयात पोचायचं असतं. हृदय जुळवताना रक्तगट आणि अंगकाठी पाहतात. याहून बारीक जुळवाजुळव करायला वेळच नसतो. फोन आठवड्यात येईल किंवा वर्षभर येणार नाही. कणकवलीचा माणूस कणकवलीत राहून ही वाट पाहू शकत नाही. बागेची राखण, गुरं, म्हातारी आई सोडून, बायकोसह नातलगाच्या वन-रूम-किचनमध्ये महिनोन्महिने राहायचं, आणि नवीन हृदय बसल्यावरही तपासण्यांसाठी बरेच महिने तिथेच. औषधांच्या यादीत हा खर्च कुठे येत नाही.

घरी परतल्यावरही पथ्य जन्माचं. टॅक्रोलिमस घेणाऱ्याने पपनस खायचं नाही, कारण त्या फळामुळे औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. गणपतीच्या माटवीला, म्हणजे मूर्तीवर टांगलेल्या लाकडी चौकटीला, पपनस बांधतात, नंतर फोडून सगळ्यांना वाटतात. तेवढं त्याने हातात घेऊन पुढे द्यावं. कच्ची कालवं नकोत, विहिरीचं पाणी उकळूनच. चिखलात अनवाणी लावणी नको, लेप्टोस्पायरोसिस या तापाचं भय असतं. दोडामार्ग-बांद्याकडच्या काजूबागांत २०१६ पासून माकडताप आहे, तिथे गोचिडीपासून सांभाळायला हवं. यातलं काहीच अशक्य नाही, पण मुंबईतून मिळालेल्या छापील सूचनांच्या कागदावर माकडताप नसतो.

हे झालं हृदय घेणाऱ्याचं. देणाऱ्याची बाजू आणखी अवघड आहे, आणि तिथे चार तास हा आकडा आडवा येतो. बर्फात ठेवलेलं हृदय साधारण चार तास टिकतं. दात्याची महाधमनी बंद केल्यापासून रुग्णाच्या छातीत रक्त पुन्हा खेळेपर्यंतचा सगळा वेळ यात मोजतात, आणि टाक्यांनाच तासभर जातो. प्रवासाला राहतात जेमतेम अडीच-तीन तास. पेण-पनवेलहून हे जमेल. रत्नागिरीहून रस्त्याने नाही. मुंबई-गोवा महामार्गाची रडकथा कोकणी माणसाला सांगायला नको, आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेही वेगळ्या, संथ वेळापत्रकावर धावते. उरतं विमान. सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, पण मुंबईची फेरी कधी चालू कधी बंद. सावंतवाडीकरांना गोव्यातला मोपाचा विमानतळच जवळ. परदेशांत हृदय गरम रक्तावर चालतं ठेवून नेणारी यंत्रं आली आहेत, २०१४ मध्ये सिडनीत तर थांबलेलं हृदयही त्यावर पुन्हा सुरू करून बसवलं गेलं. आपल्या किनाऱ्यापर्यंत ती पोचायला वेळ आहे.

विमानाचा प्रश्न मला तरी दुय्यम वाटतो. त्याआधी मेंदूमृत्यू जाहीर व्हायला हवा, आणि त्याला काय काय लागतं ते पाहण्यासारखं आहे. चार डॉक्टर लागतात : रुग्णालयाचा प्रमुख, मान्यताप्राप्त यादीतला तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूचा सर्जन, आणि उपचार करणारा. तपासण्या दोनदा करायच्या, मधे किमान सहा तास. बुबुळावर बॅटरी मारून बाहुली आकसते का पाहायचं, कापसाने डोळ्याला स्पर्श करायचा, कानात बर्फाचं पाणी सोडून डोळे हलतात का बघायचं, घशात नळी फिरवून ठसका येतो का ते. शेवटी श्वासाची चाचणी : ऑक्सिजन देत व्हेंटिलेटर काही मिनिटं सोडवायचा आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड ६० च्या वर जाईपर्यंत छातीकडे टक लावून बसायचं. छाती हलली नाही, तर चाचणी पूर्ण. हा ६० चा आकडा कळायला धमनीतल्या रक्ताचे वायू मोजणारं यंत्र जवळ, आणि चालू, असावं लागतं.

महामार्गावर डोक्याला मार लागलेला तरुण सिंधुदुर्गात सापडला तर त्याला बांबोळी किंवा कोल्हापूर गाठावं लागतं. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजवर या जिल्ह्याचा भार इतका, की २०१८ मध्ये तिथे गोव्याबाहेरच्यांना शुल्क लागू झालं तेव्हा दोडामार्गात आंदोलन उभं राहिलं. पुष्कळदा तो तरुण वाटेतल्या रुग्णालयातच जातो आणि 'हृदय बंद पडून मृत्यू' अशी नोंद होते. मेंदू आधी कधी गेला, हे कोणी तपासलेलंच नसतं.

२०११ च्या दुरुस्तीने आणि २०१४ च्या नियमांनी यावर दोन वाटा काढल्या. मेंदूविकारतज्ज्ञ नसेल तर भूलतज्ज्ञ, अतिदक्षता तज्ज्ञ, फिजिशियन किंवा सर्जन ती जागा भरू शकतो. आणि ज्या रुग्णालयात प्रत्यारोपण होत नाही, पण आयसीयू आणि ऑपरेशन थिएटर आहे, ते फक्त अवयव काढून देण्याचं केंद्र म्हणून नोंदणी करू शकतं. काढणारी टीम बाहेरून येते. अपघाताची केस असली तरी पोलिसांना कळवून, शवविच्छेदनाचा मेळ घालून हे करता येतं. सिंधुदुर्गात ओरोसला आणि रत्नागिरीला सरकारी मेडिकल कॉलेज झालं आहे, चिपळूणजवळ डेरवणला खासगी आधीपासून आहे. माणसं आणि खाटा अगदीच नाहीत असं आता म्हणता येणार नाही. लागेल तो नातेवाइकांशी बोलायला बसणारा समन्वयक, मालवणीत बोलणारा असेल तर उत्तम, आणि रात्री दोन वाजता दुसरी तपासणी करायला उठणारा भूलतज्ज्ञ.

असं केंद्र किनाऱ्यावर चालू झालं तरी पहिल्यांदा सुटेल ते हृदय नसेल. बर्फात मूत्रपिंड दिवसभर टिकतं, यकृत आठ-दहा तास, डोळ्याचं पटल योग्य द्रवात कित्येक दिवस. मूत्रपिंडं बांबोळीला किंवा मुंबईला रस्त्यानेही पोचतील, यकृताची घाई थोडी जास्त. हृदयाची पाळी त्यानंतर, ज्या दिवशी विमानाची वेळ जुळेल तेव्हा.